दसऱ्याच्या सुट्टीत कास, भंडारदरा की मालवण?

पावसाळा सरता सरता बाहेर पडायचं ठरवणारे बहुतेक जण आधी जागा ठरवतात आणि मग सुट्टीची जुळवाजुळव करतात. शरदात हे उलटं करावं. या दिवसांत सह्याद्रीत आणि कोकणात पाहण्यासारखं जे असतं, ते दोन-तीन आठवड्यांचंच असतं. तुमची सुट्टी कोणत्या आठवड्यात पडते यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

त्यात सण सरकतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे सगळं अठरा दिवसांनी पुढे गेलं. कासची फुलं काही पंचांग बघून उमलत नाहीत. दसरा लवकर असेल त्या वर्षी त्या सुट्टीत कास पठार जमून जातं. उशिरा असेल तर पठारावर वाळलेलं गवत बघून परत यावं लागतं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी दसऱ्यात फुलं पाहिली म्हणून या वर्षी आपणही दसऱ्यातच जावं, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

तीन पर्याय घेतो: साताऱ्याजवळचं कास, अकोले तालुक्यातलं भंडारदरा आणि सिंधुदुर्गातलं मालवण. तिन्हीकडे घरगुती मुक्कामाची सोय आहे आणि तिन्ही ठिकाणी मोठ्या हॉटेलात उतरलात तर जाण्यातली अर्धी गंमत गेली, असं माझं मत आहे.

सप्टेंबर हातात असेल तर कास

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, एवढाच काय तो कासचा हंगाम. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर जांभ्या दगडाचं हे पठार आहे. दगडावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळाभर पाणी साचून राहतं, मातीत कस कमी. त्यामुळे इथल्या वनस्पतींना उगवणं, फुलणं आणि बी धरणं हे सगळं चार महिन्यांत उरकावं लागतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या तर किडे पकडून पोषणाची तूट भरून काढतात. ८५० हून जास्त सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे आणि पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

मात्र सगळी फुलं एकाच वेळी दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. एका आठवड्यात गुलाबी तेरड्याचे गालिचे असतात, दुसऱ्यात सोनकीचा आणि मिकी माउस नावाच्या फुलाचा पिवळा रंग चढतो, गेंदाची पांढरी बोंडं मध्येच डोकावतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. फोटोत दिसणारे रंग वेगवेगळ्या दिवसांचे असतात, हे जाणाऱ्याला कोणी सांगत नाही.

अडचण गर्दीची आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग यवतेश्वरच्या घाटापासूनच जाणवते. प्रवेशासाठी ऑनलाइन आरक्षण लागतं, रोज ठरावीक संख्येलाच सोडतात आणि सुट्टीचे दिवस आधीच भरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा मिळत नसेल तर मी कासचा आग्रह धरणार नाही. मिळत असेल तर मुक्काम साताऱ्यात न करता पठार ओलांडून बामणोलीच्या बाजूला करा. तिथे शिवसागर जलाशयाच्या काठाने घरगुती सोयी आणि तंबू आहेत. सकाळी लवकर उलट्या दिशेने पठारावर येता येतं. धुकं मात्र असतंच. कधी कधी दहा वाजेपर्यंत चार हातांवरचं दिसत नाही. परतताना सज्जनगड, ठोसेघर आणि कंदी पेढे हे ठरलेलंच.

ऑक्टोबर मिळाला तर भंडारदरा

तिघांत सर्वात सावकाश, आणि म्हणून मला सर्वात आवडणारं हेच. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण ऑक्टोबरात बहुधा तुडुंब असतं, डोंगरांवर हिरवा रंग टिकून असतो आणि खाचरांत भात पिवळा पडायला लागतो. पावसाळ्यातला चिखल आणि जळवा नाहीत, धबधब्यांपुढे सेल्फीसाठी उभी राहणारी झुंबडही ओसरलेली. रंधा धबधब्याला या दिवसांतही बरं पाणी असतं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर सकाळच्या उन्हात पाहावं. त्याच्या दगडावरचं कोरीवकाम दुपारच्या उजेडात सपाट दिसतं.

नवरात्रात इथे आणखी एक कारण असतं. कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. नऊ दिवस आसपासच्या गावांतली माणसं पायथ्याच्या बारी गावाहून शिड्या चढत दर्शनाला जातात. हौशी ट्रेकर बूट, काठ्या, पाठपिशव्या घेऊन धापा टाकत असतात आणि शेजारून साध्या चपलांवर एखादी आजी त्यांना मागे टाकून जाते. गर्दी कासइतकीच असेल, पण तिचा स्वभाव वेगळा.

कोजागरीची रात्र तलावाकाठी काढायचा बेत अनेकांचा असतो. बेत चांगला आहे. फक्त त्या रात्री तारे दिसत नाहीत. आकाश बघायचं असेल तर अमावास्येच्या जवळचे दिवस धरा. सांदण दरीसाठी येत असाल तर मात्र थांबा. पाणी ओसरेपर्यंत आत उतरू नये, गावातला वाटाड्या सांगेल ते ऐकावं.

जेवण साधं: नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि तिथल्याच तांदळाचा भात. काळभात आणि जिरवेल हे अकोले तालुक्यातले जुने वाण, मिळाले तर घरी न्यायला मागून घ्या. देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

दिवाळीच मिळणार असेल तर मालवण

ऑक्टोबरच्या मध्यावर कोकणात गेलात तर ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर येतात, शिवाय परतीचा पाऊस भात भिजवत असतो. घाई करू नका. दिवाळीच्या आसपास हवा बदलते, समुद्र निवळतो, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि तारकर्लीची स्कूबा नीट सुरू झालेली असते. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे मासळीला तोटा नाही. १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला सिंधुदुर्ग २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा झाला. गर्दी वाढणार, हे ओघानंच आलं.

पण मालवणला दिवाळीत जायचं खरं कारण किल्ला नाही, चावदिस म्हणजे इथली नरकचतुर्दशी आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपुढे गोविंदा म्हणत पायाखाली कारीट फोडणं, आणि मग पोहे. गोडे पोहे, दह्याचे, तिखट, दुधातले, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारीपाजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात. घरगुती मुक्कामात असाल तर तुम्हालाही बोलावणं येतं. लॉजवर असाल तर तुम्हाला कांदेपोह्यांची प्लेट मिळेल. पुढे कार्तिकात जत्रा आणि दशावतार सुरू होतात, तेव्हा दिवाळी हुकली तरी नोव्हेंबरअखेर वाया जात नाही.

खर्च आणि सोय

साताऱ्याच्या बाजूला बरेच ठिकाणी खोलीचा दर सांगतात. भंडारदऱ्याच्या गावांत आणि मालवणकडे जेवणासकट माणशी दर जास्त चालतो. दोघंच असाल तर माणशी दर स्वस्त पडतो, सहा जणांचं कुटुंब एका मोठ्या खोलीत मावणार असेल तर खोलीचा. मालवणात मासळीचं ताट बहुधा वेगळं धरतात. सुरमई हवी की बांगडा, यावर बिल ठरतं आणि माझ्या मते बांगड्यात पैसे आणि चव दोन्ही वाचतात.

पोचण्यात भंडारदरा मुंबईकरांना सर्वात सोपं. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातला खोळंबाही टळतो. पुणेकरांना अर्थातच सातारा जवळ. मालवणला गाडीने जाणं हा वेगळा प्रवासच आहे. कणकवली किंवा कुडाळपर्यंत रेल्वेने जावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं तिकीट पहिल्याच सकाळी संपतं. म्हणजे ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनासाठी सप्टेंबरच्या ७-८ तारखेच्या सुमारास, गणपतीच्या खरेदीच्या धांदलीतच संगणकापुढे बसायचं.

आईवडील सोबत असतील तर मालवण, तेही दोन रात्रींहून जास्त. उड्या मारणारी शाळकरी मुलं असतील आणि सुट्टी दसऱ्याचीच असेल तर भंडारदरा. दोघांनाच सप्टेंबरात मंगळवार-बुधवार रजा टाकता येत असेल तर कास, आणि तेव्हा दुसरा विचार करू नये.

घरमालकाशी बोलताना फोटोंपेक्षा चार गोष्टी विचारा: संडास कमोडचा आहे का आणि खोलीला लागून आहे का, गरम पाणी बंबाचं की गिझरचं, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि कोणत्या कंपनीचं नेटवर्क येतं. मालवणला दिवाळीसाठी फोन करत असाल तर पहाटेचे पोहे घरच्यांबरोबर खायचे आहेत, हे तेव्हाच सांगून ठेवा. काही घरं सणाच्या त्या दोन दिवसांत पाहुणे घेतच नाहीत.