गूगल टेकआउट: आहेर एका पिशवीत, चिठ्ठ्या दुसरीत

गूगल फोटोजमधला सगळा संग्रह एकदम हार्ड डिस्कवर उतरवायचा तर गूगलची स्वतःची सोय म्हणजे टेकआउट. फुकट आहे, आणि फोटो मूळ दर्जात चढवला असेल तर मूळ दर्जातच परत मिळतो. तक्रार तारखांची. झिप उघडून फोल्डर तारखेप्रमाणे लावला की २०११ चं बारसं आणि गेल्या महिन्यातली सहल शेजारीशेजारी येऊन बसतात. मग ‘गूगलने तारखा पुसल्या’ अशी ओरड होते.

पुसलेलं काहीच नसतं. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली एक्झिफ तारीख जशीच्या तशी असते. बदलते ती फाइलवरची तारीख, आणि कित्येक टीव्ही, फोटोफ्रेम, साधी गॅलरी अ‍ॅप्स नेमकी तीच बघतात. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथे ‘डेट टेकन’ पाहा. ती बरोबर असेल तर अर्धं काम झालंच आहे.

खरी अडचण ज्यांच्या पोटात तारीखच नाही त्यांची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं एक्झिफ वाटेतच गळतं, स्क्रीनशॉटमध्ये बहुधा नसतंच. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर असलीच तर स्कॅनची तारीख असते. अशा फोटोंची तारीख तुम्ही गूगल फोटोजमध्ये हाताने दुरुस्त केली असेल, तर ती टेकआउट फोटोत लिहीत नाही. शेजारच्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या एका छोट्या फाइलमध्ये, लिहितं. लग्नातला आहेर एका पिशवीत आणि कुणी काय दिलं त्या चिठ्ठ्या दुसऱ्या पिशवीत, असला कारभार! आणि बरेच जण या जेसन फाइली कचरा समजून आधी उडवतात. तेवढं करू नका.

जेसन नोटपॅडमध्ये उघडा. ‘फोटोटेकनटाइम’खाली १५७७८१९४०० असा आकडा दिसेल. १ जानेवारी १९७० पासूनचे हे सेकंद, तेही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. हा आकडा म्हणजे ३१ डिसेंबर २०१९, संध्याकाळचे ७:१०. भारतीय वेळेने १ जानेवारी २०२०, रात्रीचे १२:४०. साडेपाच तास मिळवायला विसरलात की नव्या वर्षाचा पहिला फोटो जुन्या वर्षात जातो.

चिठ्ठ्या परत चिकटवायला एक्झिफटूलइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फिल हार्वे यांचं हे मोफत साधन काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालतं, म्हणून लोक बिचकतात. विंडोजवर एवढंच: एक्झिफटूलच्या फाइलच्या मूळ नावातला कंसातला ‘डॅश के’ काढून टाका आणि सोबतचा ‘एक्झिफटूल फाइल्स’ फोल्डर त्याच जागी राहू द्या. आज्ञेत ‘टॅग्जफ्रॉमफाइल’ने जेसनकडे बोट दाखवायचं, ‘डॅश डी’पुढे टक्क्याचं चिन्ह आणि एस लिहून आकडा सेकंदांत आहे हे सांगायचं, आणि तो ‘ऑलडेट्स’मध्ये ओतायचा. ‘ऑलडेट्स’ने एक्झिफच्या तिन्ही तारखा एकदम भरतात. सेकंदांचं रूपांतर संगणकाच्या टाइमझोनप्रमाणे होतं, म्हणून आधी घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, ते बघा.

‘इफ’ची अट मात्र हवीच: ‘डेटटाइमओरिजिनल’, म्हणजे फोटो काढल्याची एक्झिफ तारीख, नसेल तरच लिही. ती गाळली तर चांगल्या तारखाही बिघडतात. न्यू जर्सीत मे महिन्यात दुपारी ४ वाजता काढलेला पदवीदानाचा फोटो घ्या. एक्झिफमध्ये ४ च असतात, ते बरोबर. जेसनमधून पुण्यातल्या संगणकावर भरलात तर होतात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे दीड. स्कॅन केलेल्या फोटोंना मात्र हीच अट आडवी येते, कारण चुकीची का होईना, तारीख तिथे असते. ते वेगळ्या फोल्डरात काढून बिनअटीचे चालवा.

जोड्या जुळवतानाच सगळ्यात जास्त वेळ जातो. पूर्वी जेसनचं नाव म्हणजे फोटोचं पूर्ण नाव आणि पुढे ‘डॉट जेसन’ एवढंच असायचं. आता मध्ये ‘सप्लिमेंटल-मेटाडेटा’ घुसतं, आणि नाव लांब असेल तर तेही अर्ध्यावर तुटतं. म्हणून आज्ञा दोन्ही नावांसाठी वेगवेगळी चालवा. तुटलेली नावं हाताने सुधारावी लागतात. ‘एडिटेड’ शेपटीच्या फोटोला स्वतःची जेसन नसते, त्याला मूळ फोटोचीच द्या. शिवाय फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्यात असंही होतं. सगळ्या झिप एकाच फोल्डरात उघडल्याशिवाय सुरुवात करू नका. टेकआउटकडे मागणी नोंदवतानाच झिपचा आकार २ ऐवजी ५० जीबी ठेवला तर हा ताप बराच कमी होतो. इंटरनेट मध्येच तुटणारं असेल तर १० जीबी बरा.

‘हे एचईआयसी नाही, जेपेगसारखं दिसतंय’ असा इशारा आला तर फाइलचं शेपूट (नावातलं टिंबानंतरचं एक्स्टेन्शन) चुकलेलं आहे. ते बदला आणि पुन्हा चालवा. व्हिडिओंची गोष्ट वेगळी: एमपी४ च्या आतली वेळ यूटीसीत लिहायची असते, म्हणून तिथे ‘क्विकटाइमयूटीसी’ हा पर्याय जोडा.

शेवटची आज्ञा ‘डेटटाइमओरिजिनल’वरून ‘फाइलमॉडिफायडेट’, म्हणजे फाइलवरची तारीख, भरायची. पुढे पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर ‘क्रिएटेड’ तारीख बदलते, ‘मॉडिफाइड’ टिकते.

आधी वीसेक फाइलींवर करून बघा. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा, स्कॅनचा, परदेशातला आणि एक व्हिडिओ हवा. एक्झिफटूल प्रत्येक फाइलची ‘ओरिजिनल’ शेपटीची प्रत मागे ठेवतं, तेव्हा डिस्कवर दुप्पट जागा लागेल. टेकआउटची डाउनलोड लिंक साधारण ७ दिवसांत मरते, पण उतरवलेल्या मूळ झिप मात्र तारखा तपासून होईपर्यंत डिस्कवर असू द्या.