पंख्याची घरघर, मागाचा खडखडाट आणि ऑडॅसिटी

जनसंज्ञापनाला प्रवेश घेतला की पहिल्या सत्रातच सॉफ्टवेअरच्या नावांचा भडिमार सुरू होतो. सीनियर सांगतात, अ‍ॅडोबीचं ऑडिशन शीक, स्टुडिओत तेच चालतं. बेंचवरचा मित्र म्हणतो, शिकतेस कशाला, फाइल चढव, एआय साफ करून देतं. मी ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर धरलं आणि आवाजाचं काम करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत झालंय. ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, हे आहेच. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यावर काम करता करता कान तयार होतो.

मी सोलापूरची. रेडिओ फीचरसाठी विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका अक्कांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं. दिवस एप्रिलचे. पत्र्याखाली बसून तेंदूची पानं कातरणाऱ्या बाईला ‘पंखा बंद करा’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि तसं म्हणूही नये. पंखा चालू ठेवला. फक्त बोलणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसवलं आणि नुसत्या खोलीचा आवाज टिपून घेतला. ऑडॅसिटीत सगळ्यात आधी तोच तुकडा लागतो.

इफेक्टच्या यादीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे. नुसत्या पंख्याचा तुकडा निवडायचा, ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग पूर्ण मुलाखत निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडायचा आणि लावायचा. प्रोग्रॅम आवाजाचे वारंवारितेप्रमाणे बारीक पट्टे पाडतो, नमुन्यात कुठल्या पट्ट्यात किती गोंगाट होता ते लक्षात ठेवतो आणि त्या पातळीच्या खाली जे काही सापडेल ते दाबतो. हे समजलं की पुढचं आपोआप उलगडतं. पंख्याची घरघर सतत एकसारखी असते, म्हणून ती जाते. अक्कांचा आवाज आणि कात्रीची कचकच त्या पातळीच्या वर असते, म्हणून दोन्ही टिकतात. कात्री तर मला हवीच होती. ती नसती तर ते बोलणं कुठल्याही खोलीतलं वाटलं असतं.

आकड्यांची हाव मात्र धरू नये. गोंगाट ६ ते ९ डेसिबलपर्यंत कमी करणं ठीक. त्यापुढे खेचत गेलं की माणूस हौदात बसून बोलतोय असं ऐकू येतं. थोडा पंखा राहिला तर राहू द्यावा. ऐकणाऱ्याला घर कळतं.

आता सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना. तिथे हाच इफेक्ट कामाचा नाही, आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोषही नाही. मागाचा आवाज एकसारखा नसतो. धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते आणि प्रत्येक ठोका माणसाच्या आवाजाइतकाच, कधी त्याहून मोठा. शिवाय तो बोलण्याच्याच वारंवारितांमध्ये पसरलेला. दाबायला गेलात तर शब्दही दबतात. अशा वेळी उपाय कारखान्यातच करावा लागतो. माग चालवणाऱ्या मामांना चहाच्या सुट्टीत बाहेरच्या कट्ट्यावर बोलतं करायचं, मागाचा आवाज आत जाऊन वेगळा घ्यायचा, आणि ऑडॅसिटीत दोन ट्रॅक एकाखाली एक ठेवायचे. ‘एन्व्हलप टूल’ने मागाचा ट्रॅक मामा बोलत असताना खाली घ्यायचा, ते थांबले की वर आणायचा. ऐकताना वाटतं, मामा मागाशेजारीच उभे आहेत. कुठला गोंगाट घरी येऊन काढता येतो आणि कुठला जागेवरच टाळावा लागतो, हा फरक मला या सॉफ्टवेअरने शिकवला. एका बटणात सगळं करून देणारी साधनं चांगली असतीलही, पण ती आत काय करतात ते दाखवत नाहीत.

इथे दिसतं. तरंगाच्या जागी ‘स्पेक्ट्रोग्रॅम’, म्हणजे कुठल्या वारंवारितेवर किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडा, तळाशी एक सरळ आडवी रेघ आढळली तर ती बहुधा विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेघ ५० वर आणि तिच्या पटीत १००, १५० वर. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यालाच माइक जोडला तर अशी गुणगुण शिरू शकते. नुसत्या बोलण्यासाठी ८० हर्ट्झचा, म्हणजे त्याखालचा आवाज उतरवणारा, ‘हाय-पास फिल्टर’ लावला की मूळ गुणगुण आणि माइकवर आलेला वाराही बराच उतरतो.

नव्याने घेणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. डाउनलोड ऑडॅसिटीच्या अधिकृत साइटवरूनच करा. बरेच फोन एम४ए फाइल बनवतात. विंडोजवर ती उघडायला एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. नवखे इथेच अडकतात आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजून सोडून देतात. फोनच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्हीचा पर्याय असेल तर तोच निवडणं उत्तम. सेव्ह केल्यावर तयार होते ती एयूपी३ फाइल. ती फक्त ऑडॅसिटीत उघडते, सरांना पाठवायची नाही. पाठवायला एक्सपोर्ट करून एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही काढायची. आणि प्रोजेक्ट बंद केला की अनडूचा सगळा इतिहास पुसला जातो, म्हणून मूळ ट्रॅकची प्रत कंट्रोल-डी दाबून काढायची, ती म्यूट करून तळाशी ठेवायची आणि मगच इफेक्टला हात लावायचा.

मला सगळ्यात लाडकी सोय लेबलची. मुलाखत ऐकत असताना कंट्रोल-एम दाबलं की त्या क्षणी खूण पडते, तिथे मराठीत लिहिता येतं: ‘मजुरीबद्दल’, ‘मुलीचं शिक्षण’, ‘इथे हसल्या’. नंतर ही लेबलं वेळेसकट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येतात. तोच माझ्या स्क्रिप्टचा पहिला खर्डा. लांबलचक मुलाखतीतून नेमकं वाक्य शोधण्यात संध्याकाळ जायची ती आता जात नाही.

शेवटचा हात ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’चा. तिथे आधीपासून उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं एकक) भरलेलं असतं. ते युरोपातल्या प्रसारणाचं माप. पॉडकास्टसाठी स्टिरिओ फाइल उणे १६ च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. उणे २३ तसंच सोडलं तर बसमध्ये इअरफोन लावून ऐकणाऱ्याला आपलं फीचर कुजबुजल्यासारखं वाटेल.

उणिवा आहेत. फोनवर चालणारं अधिकृत अ‍ॅप नाही, त्यामुळे बातमीच्या जागेवरूनच कापून पाठवायची घाई असेल तर याचा उपयोग नाही. व्हिडिओ अजिबात नाही. २०२२ मध्ये ३.२ आवृत्तीत ऐकता ऐकता बदलता येणारे इफेक्ट आले, ही मोठीच सुधारणा, पण नॉइज रिडक्शन अजून त्यांत नाही, ते लावून मगच ऐकावं लागतं. दिसायलाही जरा रुक्ष. एआय हवंच असेल तर इंटेलचे ओपनव्हिनो प्लगइन फुकट जोडता येतात, आणि ते आपल्याच संगणकावर चालतात. मजुरीबद्दल, मालकाबद्दल मोकळेपणाने बोललेल्या माणसाचा आवाज कुठल्या परक्या सर्व्हरवर चढवायचा नसेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

या प्रोग्रॅमची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली, डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे त्याचे प्राध्यापक यांच्या हातून. २००० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. २०२१ पासून म्यूज ग्रुप या कंपनीकडे आहे, कोड अजूनही खुला आहे. एका विद्यार्थ्याने बनवायला घेतलेलं साधन आज सोलापुरातल्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर एकही रुपया न मागता चालतं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

ज्यांना फक्त रील करायच्या आहेत त्यांनी फोनवरचंच एखादं अ‍ॅप घ्यावं, ते सुटसुटीत पडेल. सामुदायिक रेडिओ, पॉडकास्ट, मौखिक इतिहास यांकडे ओढा असणाऱ्यांनी मात्र या सुट्टीत हे बसवून घ्या आणि पहिली मुलाखत घरातल्याच कुणाची तरी करा, पंखा चालू ठेवून.