‘ब्लू टंग’ची भीती घालून आमची नऊ जनावरे नेली

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आमचे गाव आहे. तीन एकर कोरडवाहू कपाशी आणि चोवीस शेळ्या यांवर आमचे घर चालते. यंदा पोळ्यानंतर दोन माणसांनी ‘ब्लू टंग’ म्हणजेच नीलजिव्हा या रोगाचे नाव पुढे करून आमच्याकडून ४,३२० रुपये रोख घेतले आणि नऊ जनावरे २७,५०० रुपयांत उचलून नेली. त्यांतल्या तीन बोकडांनाच बकरी ईदच्या आधी गावातल्या गिऱ्हाइकाने ३३,००० रुपये देऊ केले होते. खानदेशातल्या इतर शेळीपालकांवर ही वेळ येऊ नये म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पावसाने उघडीप दिलेली नव्हती, गोठ्यात चिखल आणि लेंड्यांचा थर साचला होता. सहा करडांच्या ओठांवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांत खपल्या धरल्या होत्या. दुधाला तोंड लावले की ती दुखून मागे सरत. दोन शेळ्यांच्या सडांवरही तशाच खपल्या होत्या. अशा काळजीत असताना मोटारसायकलवर थर्माकोलचा डबा बांधलेला एक माणूस दारात आला, आणि आपण पशुसंवर्धन खात्याच्या मोहिमेवर आहोत असे त्याने सांगितले. आमच्या काळ्या शेळीचा जबडा त्याने दोन्ही हातांनी उघडला, जीभ बाहेर ओढून मला दाखवली आणि म्हणाला, “आप्पा, बघा, जीभ निळी पडली. हा ब्लू टंग आहे.” जिभेवर खरोखरच काळसर निळे डाग होते. माझे अवसान तिथेच गळाले.

आई ओट्यावरून म्हणाली, “पहिले सरकारी डॉक्टरले फोन कर, मंग काय ते ठराव.” मी तिचे ऐकले नाही, याचे मला फार दुःख आहे.

त्याने प्रत्येक जनावरामागे ८० रुपये घेऊन मानेत इंजेक्शन दिले, आणि पाण्यातून पाजायची पावडर म्हणून वर २,४०० रुपये घेतले. डब्यातला बर्फ केव्हाच वितळलेला होता. कोमट पाण्यात बाटल्या तरंगत होत्या आणि एकीचे भिजलेले लेबल सुटून त्याच्या अंगठ्याला चिकटले होते. चोवीस जनावरांना त्याने एकच सुई वापरली आणि दर खेपेस ती पँटला पुसली. पावती मागितली तेव्हा मोहिमेत पावती नसते असे उत्तर मिळाले. जाताना त्याने हलक्या आवाजात सांगितले की हा रोग माणसालाही लागतो, शेजारच्या वावरात बसवलेल्या मेंढ्यांकडून तो आला आहे, आणि आठ दिवसांत सगळा गोठा आडवा होईल. संध्याकाळी एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याला कोणी बोलावले होते, हे विचारण्याचे भान मला राहिले नाही. बाजारात आता ही जनावरे कोणी घेणार नाही, आपण निदान मातीमोल होण्याआधी नेतो, असे म्हणून त्याने चांगली चांगली निवडली. आम्ही नवरा-बायको इतके घाबरलो होतो, की आम्ही होकार दिला.

तिसऱ्या दिवशी भाच्याने जनावरांच्या उपचारासाठी असलेल्या १९६२ या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावला आणि तालुक्याच्या दवाखान्यातून पशुधन विकास अधिकारी आले. त्यांनी आधी काळ्या शेळीची जीभ पाहिली, मग तिच्याच जातीच्या दुसऱ्या तीन धडधाकट शेळ्यांची तोंडे उघडून मला जवळ बोलावले. तिघींच्याही जिभेवर आणि हिरड्यांवर तेच काळे डाग होते. तो त्यांचा जन्मजात रंग होता. इतकी वर्षे मी हीच जनावरे पाळतो आणि मला ते कधी दिसले नव्हते. डॉक्टरसाहेबांनी थर्मामीटर लावून एकेकीचे अंग पाहिले, कोणालाही ताप नव्हता. करडांना झाला होता तो मावा, म्हणजे तोंडावर खपल्या आणणारा संसर्गजन्य रोग. तो सहसा तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. खपल्यांना मलम लावायचे, करडांना मऊ चारा द्यायचा, आणि हातमोजे घालूनच हाताळायचे, एवढे त्यांनी सांगितले. माणसाला लागणारा रोग हा मावाच आहे. माझ्या पत्नीच्या बोटाला तसाच फोड आलेला होता. नीलजिव्हा माणसाला होत नाही.

त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी ओट्यावर बसून जे समजावले, ते पोळ्याआधी ऐकले असते तर त्या माणसाचे एकही वाक्य टिकले नसते. नीलजिव्हा हा विषाणूजन्य रोग आपल्याकडे नवा नाही. भारतात तो प्रथम १९६४ साली महाराष्ट्रातच मेंढ्यांमध्ये आढळला. त्याचा खरा तडाखा मेंढ्यांना बसतो. जोराचा ताप, नाकातोंडातून स्राव, ओठ आणि चेहरा सुजणे, खुराच्या वरच्या कडेला लाली येऊन लंगडणे ही त्याची लक्षणे आहेत. शेळ्यांना संसर्ग होतो, पण पुष्कळदा तो सौम्य असतो किंवा दिसूनही येत नाही. प्रत्यक्ष आजारी जनावरांतसुद्धा जीभ निळी पडते ती थोड्यांचीच, म्हणजे रोगाच्या नावावरून रोग ओळखायला गेलो तर फसगत ठरलेलीच. तो एका जनावराच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात सहसा जात नाही. डासाहून कितीतरी लहान अशी चिलटे चावल्याने तो पसरतो. ती ओल्या शेणाच्या चिखलात वाढतात आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत चावतात, म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे जोखमीचे. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांवर, जे दरसाल आपल्या वावरात मेंढ्या बसवून खत देतात, त्यांच्यावर आळ घेण्याचे काही कारण नव्हते. मी मात्र त्यांना त्या रात्री वावरातून उठवले, आणि त्यांची माफी पुढे भेटून मागितली.

लसीबाबतही तसेच. आपल्या देशात या रोगाची लस मिळते. विषाणूचे चोवीसहून अधिक प्रकार आहेत, त्यांपैकी पाचांवर चालणारी ही निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूंपासून बनवलेली, लस आहे. ती निरोगी जनावराला आधी द्यायची असते. आजारी जनावर तिने बरे होत नाही, आणि या रोगावर विषाणू मारणारे खास औषधही नाही. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते, म्हणजे कोमट पाण्यात तरंगणाऱ्या बाटलीत लस असली तरी तिचा भरवसा नाही. बाटलीवर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असलीच पाहिजे. आमच्याकडे फेकलेल्या रिकाम्या बाटलीवरची ती जागा खरवडलेली होती. एकच सुई वापरल्यामुळे पाच शेळ्यांच्या मानेत पुवाच्या गाठी झाल्या, आणि त्यांचा उपचार दीड महिना चालला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला नंतर कळली. जनावरांमधील संसर्गजन्य रोगांसाठी २००९ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या यादीत नीलजिव्हा आहे, आणि अशा रोगाचा संशय आला तर पशुपालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या जबाबदार अधिकाऱ्याला कळवायचे असते. पुढे रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, नजरेने निदान ठरत नाही. खात्याच्या खऱ्या माणसाने हे सांगितले असते आणि जनावरे हलवू नका असे बजावले असते. रोगी म्हणून घोषित केलेली जनावरे त्याच रात्री टेम्पोत भरून नेणारा माणूस तीच निरोगी असल्याचे पक्के जाणत होता. एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही, कारण भीतीपुढे मी दुसरे काही पाहतच नव्हतो.

पोलीस ठाण्यात आम्ही तक्रार दिली आहे. मोटारसायकलला पाटी नव्हती, पण टेम्पोच्या मागच्या फळीवर हिरवा रंग होता आणि व्यापाऱ्याच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता, हे आम्ही लिहून दिले आहे. करडांच्या खपल्या चौथ्या आठवड्यात गळून पडल्या, पत्नीचे बोटही बरे झाले, आणि गोठ्यात मुरूम टाकून आम्ही चिखल बंद केला. गेल्या आठवड्यात पारोळ्याकडच्या मावसभावाचा फोन आला, की थर्माकोलचा डबा घेतलेला एक माणूस त्यांच्या गल्लीत ‘ब्लू टंग’ची जीभ दाखवत फिरतो आहे. मी त्याला आमच्या काळ्या शेळीच्या निरोगी जिभेचा फोटो तेव्हाच पाठवला, आणि १९६२ लावून दवाखान्याची गाडी बोलावण्यास सांगितले.