स्वतंत्र मंडळीच्या पाळकाने दीक्षा कुणाकडून घ्यावी: मोठ्या संस्थेकडून की आपल्याच मंडळीतून?

घरातली प्रार्थनासभा वाढत वाढत मंडळी (चर्च) झाली, लोक ‘पास्टर’ म्हणून हाक मारू लागले, बाप्तिस्मे झाले, आणि आता मंडळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथॉडिस्टसारख्या जुन्या चौकटीत नसलेल्या सेवकापुढे दीक्षेचा, म्हणजे पाळक म्हणून रीतसर नेमलं जाण्याचा, प्रश्न बहुधा याच वेळी उभा राहतो. तोवर कागदावाचून काही अडत नाही.

इंटरनेटवरून मिळणाऱ्या अमेरिकन दीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर वेळ घालवू नये असं मला मनापासून वाटतं. तिकडे काही राज्यांत ती चालते, काही ठिकाणी वाद आहे. टेनेसी राज्याने २०१९ मध्ये अशा लोकांना लग्न लावायला मनाई करणारा कायदा केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपल्याकडे त्या प्रमाणपत्राच्या जोरावर लग्न लावता येत नाही. आणि ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंच नाही, त्यांनी कशावरून तुम्हाला सेवेसाठी वेगळं केलं?

खऱ्या वाटा दोनच. एखाद्या मोठ्या पेंटेकॉस्टल किंवा इव्हँजेलिकल संस्थेशी जोडून घ्यायचं आणि तिची दीक्षा घ्यायची, किंवा आपल्याच मंडळीने, शेजारच्या अनुभवी पाळकांना बोलावून, डोक्यावर हात ठेवायचे. मी दोन्हींतून गेलो आहे.

संस्थेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या पेंटेकॉस्टल संस्थेत सेवक पायरीपायरीने पुढे जातो आणि दीक्षा शेवटी येते. मध्ये अभ्यास, मुलाखती, वरिष्ठांची देखरेख. चुकलात तर विचारणारं कुणीतरी असतं. गाव बदललं तरी ओळख सोबत येते. एकट्याने सेवा सुरू केलेल्या तरुणाला हा आधार फार मोलाचा. मी ज्या संस्थेत होतो तिथल्या ज्येष्ठांनी (मंडळीत त्यांना ‘वडील’ म्हणतात) मला उपदेश कसा तयार करायचा ते शिकवलं. ते ऋण मी विसरणार नाही.

माझं मन वळलं ते लग्नांमुळे. संस्थेची दीक्षा माझ्याकडे होती, पण लग्न लावायचा सरकारी परवाना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वरिष्ठांच्या नावावर होता. मग तारीख त्यांच्या सवडीने ठरायची. मुलगा-मुलीसोबत महिनोन्‌महिने बसून बोललो मी, दोन्ही घरांतले रुसवे काढले मी, मुलीच्या आजारी वडिलांसाठी रात्री प्रार्थनेला गेलो मी. आणि वेदीसमोर शपथ द्यायला उभे राहायचे ते पाहुणे, ज्यांना वधूचं नाव कागदात बघून वाचावं लागायचं. ते भले गृहस्थ होते, त्यांचा काही दोष नाही. पण मंडळी बघत असते. आपला पाळक आपलं लग्न लावू शकत नाही, हे एकदा लोकांच्या मनात बसलं की त्याचा उपदेशही अर्धाच उरतो. माझ्या परवान्याचा विषय काढला की ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असं उत्तर यायचं.

तेव्हा मी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा नीट वाचला. पाचव्या कलमात लग्न कोण लावू शकतो याची यादी आहे: बिशपच्या हातून दीक्षा मिळालेले, चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मगुरू, परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक, आणि नवव्या कलमाखाली परवाना मिळालेली व्यक्ती. म्हणजे स्वतंत्र पाळकाची दीक्षा संस्थेची असो वा घरची, नुसत्या तिच्यावर लग्न लावता येत नाही. अधिकार नसताना लावलं तर अडुसष्टाव्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नववं कलम मात्र सांगतं की राज्य सरकार ‘कोणत्याही ख्रिस्ती व्यक्तीला’ भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचं प्रमाणपत्र देण्याचा परवाना देऊ शकतं. तिथे मोठ्या संस्थेची अट नाही. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला.

पुढे आमच्या मंडळीने परिसरातल्या ज्येष्ठ पाळकांना बोलावलं. त्यांनी मला बसवून सिद्धांत, घरसंसार, पैशांचा हिशोब, सगळं विचारलं. हात ठेवण्याची घाई करू नये असं पौलाने तीमथ्याला बजावलंच आहे, आणि त्यांनी ती केली नाही. अंत्युखियात बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवले ते ज्यांच्यात त्यांनी सेवा केली त्या मंडळीतच. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र ख्रिस्ती संघ सुरू केला. चौकटीबाहेरची सेवा ही काही कालची गोष्ट नाही.

या वाटेवर कष्ट जास्त आहेत, हे मान्य करायला हवं. मंडळीचा ट्रस्ट नोंदवा, परवान्यासाठी धीर धरा, मिळाल्यावर विवाहनोंदवही चोख ठेवा आणि तिचे उतारे ठरल्या मुदतीत जन्म-मृत्यू-विवाह महानिबंधकांच्या कार्यालयात जमा करा. वर-वधूंपैकी एक जण ख्रिस्ती नसेल तर नवव्या कलमाचा परवाना चालत नाही. त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करता येतं, आणि तुम्ही नंतर प्रार्थना करू शकता. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तुम्हाला जाब विचारणारं वरचं कुणी नसतं. आम्ही त्यासाठी बाहेरच्या मंडळ्यांतले वडील नेमले आहेत आणि वर्षाचे हिशोब त्यांच्यापुढे ठेवतो. हे होणार नसेल तर संस्थेतच जा, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. सेवेत नवखे असाल, जवळपास विश्वासाचे ज्येष्ठ पाळक नसतील, तरीही संस्थाच बरी.

पण तुमची मंडळी मुरलेली असेल, लोक तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखत असतील, तर मी तरी घरच्या दीक्षेकडेच वळेन. आणि संस्थेत जायचं ठरलंच, तर अर्जावर सही करण्याआधी तिथल्या वडिलांना विचारून घ्या: माझ्या मंडळीतली लग्नं कोण लावणार, आणि माझ्या नावाने परवान्याचा अर्ज तुम्ही कधी पाठवणार? उत्तर लेखी मागा.