बोअरवेलच्या फोर बाय फोर ट्रकचे स्टिअरिंग आणि पाटे: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

अंबाजोगाई, केज आणि धारूर या तालुक्यांत बोअरवेलची गाडी चालवणाऱ्याला डांबरी रस्ता फार तर गावाच्या वेशीपर्यंत मिळतो. तिथून पुढे पाणंद, मग बांध आणि शेवटी काळे रान. सोयाबीन निघाल्यानंतर हे रान वरून वाळलेले दिसते, पण वीतभर खाली माती ओली असते आणि परतीचा पाऊस झाला असेल तर साधा ट्रक पन्नास फूटही आत जात नाही. म्हणून लहान मशीन आणि कंप्रेसर बसवलेला, चारही चाकांना ताकद मिळणारा, एकूण १३ टनांच्या आतला ट्रक आम्ही वाळूज भागातील एका कारखान्यातून मुद्दाम बांधून घेतला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मशीन यांवर लिहिण्यासारखे विशेष काही नाही. वेगळा विचार झाला तो स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचा, आणि आता ऑक्टोबर ते जून असा सलग वापर झाल्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येते.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय पाट्यांचा, म्हणजे चाकांचा दांडा (ॲक्सल) आणि गाडीचा सांगाडा (चेसी) यांच्यामधल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा, होता. मालवाहू ट्रकचे पाटे ही नेहमी तडजोड असते, कारण त्यांना रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही गाड्या पेलायच्या असतात. भरलेल्या वजनाखाली पाटा ८० मिलिमीटर दबत असेल तर गाडीची झुलण्याची गती सेकंदाला साधारण १.८ वेळा येते, पण तीच गाडी रिकामी झाली आणि पाटा फक्त २५ मिलिमीटर दबला, तर ती गती ३ च्या वर जाते आणि ड्रायव्हरची पाठ प्रत्येक खड्डा मोजते. बोअरच्या गाडीचे वजन मात्र बदलत नाही. मशीन, कंप्रेसर आणि रॉड कायम तिच्यावरच असतात. त्यामुळे पुढचे पाटे ११० आणि मागचे ८० मिलिमीटर दबतील असा हिशोब धरता आला. पुढची बाजू सावकाश आणि मागची थोडी जलद झुलत असल्यामुळे उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी पुढे-मागे हिंदकळत राहत नाही. इतक्या वजनाची गाडी पाणंदीवरून अशी शांत जाते हे आमच्या जुन्या ट्रकवर बसलेल्या ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात खरे वाटत नव्हते.

पुढे पॅराबोलिक (टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पानांचे) आणि मागे नेहमीचे अनेक पानांचे पाटे आहेत. पॅराबोलिकमध्ये पाने कमी असतात आणि ती एकमेकांवर फारशी घासत नाहीत, म्हणून गाडी मऊ चालते. मात्र घर्षणाने मिळणारा आवरही त्यात जातो आणि शॉकॲब्सॉर्बर दमदार लागतात. मागे जुनीच पद्धत ठेवली, कारण मागचे पान तुटले तर तालुक्याच्या गावी पाटेवाला ते त्याच दिवशी बनवून देतो. पुढच्या मुख्य पानाच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळशाला) दुसऱ्या पानाने बाहेरून कवेत घेतलेले आहे. मुख्य पान डोळ्यापाशी मोडले तरी ॲक्सल जागचा हलू नये एवढ्यासाठीच ते असते आणि घाटात उतरणाऱ्या गाडीत ते असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाटे मऊ केले की स्टिअरिंगचे प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक बांधीव गाड्या इथेच बिघडतात. चाक खड्ड्यात गेले की ॲक्सल पाट्याच्या पुढच्या पक्क्या टोकाभोवती एका कमानीत वर-खाली होतो, आणि ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) टोक पिटमन आर्मभोवती (स्टिअरिंग बॉक्सच्या हाताभोवती) स्वतःच्या कमानीत फिरते. या दोन कमानी जुळल्या नाहीत, तर ड्रायव्हरने काहीही न करता चाके वळतात. हे तपासण्यासाठी कारखान्यात आम्ही चेसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली, पाट्यांतले फक्त मुख्य पान जागेवर ठेवून बाकीची काढली, स्टिअरिंगचे चाक दोरीने करकचून बांधले आणि ॲक्सल जॅकने वर-खाली केला. टायरच्या कुशीला लोखंडी सरळ पट्टी टेकवून तिच्या दोन टोकांखाली फरशीवर खडूने खुणा करत गेलो. १०० मिलिमीटर उचलीत खुणा ९ मिलिमीटर सरकल्या होत्या. स्टिअरिंग बॉक्स ६० मिलिमीटर खाली घेतला आणि ड्रॅग लिंक भरलेल्या उंचीवर जवळजवळ आडवी राहील अशी लांबी धरली, तेव्हा हे सरकणे २ मिलिमीटरवर आले. एवढे एक काम नीट झाले नसते, तर महागातले पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर असून उपयोग नव्हता.

याच कमानींचा दुसरा त्रास ब्रेक दाबल्यावर जाणवतो. ब्रेकच्या जोराने ॲक्सल स्वतःभोवती पुढे कलतो, मऊ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि ॲक्सलच्या वर असलेला स्टिअरिंगचा हात पुढे सरकल्यामुळे गाडी एका बाजूला ओढते. धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. तिथे उतरताना हे ओढणे सुरुवातीला हाताला कळत होते. पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला एक आखूड पान वाढवल्यावर ते बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाही. रस्त्यावर गाडी सरळ धरते, याचे श्रेय मात्र ४ अंश कॅस्टरला, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या मागे झुकण्याला, आहे. उंची वाढवण्यासाठी अनेक जण केवळ मागचे शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) लांब करतात, त्याने कॅस्टर बिघडतो. आम्ही पाट्यांचे हँगरच (चेसीवरचे आधारच) खाली घेतले.

पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवा, हार्वेस्टरला असते तसे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. शेतापुरते ते ठीक आहे, पण ६० च्या वेगात होज (तेलाची नळी) फुटला तर हातात काय उरते, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही, म्हणून यांत्रिक जोडणी कायम ठेवून मदतीला एक छोटा हायड्रॉलिक सिलिंडर घेतला. चिखलात जागच्या जागी चाक वळवताना त्याचा फार आधार होतो. चाक शेवटच्या टोकाला पोहोचण्याआधी तेलाचा दाब सुटला पाहिजे, ही जुळवणी मात्र स्वतः उभे राहून करून घ्यावी. ती नसेल तर मे महिन्याच्या उन्हात पंप तापतो आणि सगळा ताण नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) जातो.

चारही ठिकाणी १४.०० आर २० चे एकेरी टायर आहेत. मागची चाके पुढच्यांनी दाबलेल्या चाकोरीतूनच जातात, त्यामुळे ओल्या रानात इंजिनवरचा भार स्पष्टपणे कमी होतो. दुहेरी चाके नसल्याने मागच्या पाट्यांमधले अंतर ८०० वरून १,००० मिलिमीटर करता आले. कलण्याला होणारा विरोध या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे तेच पाटे असून तो दीडपटीहून अधिक झाला.

बोअर घेताना गाडी जॅकवर उचललेली असते आणि ॲक्सल तासन् तास लोंबत राहतात. हे सारे वजन शॉकॲब्सॉर्बरवर येते, कारण सर्वांत आधी ताणला जातो तो तोच. आमच्या पुढच्या एका शॉकॲब्सॉर्बरचा वरचा ब्रॅकेट याच कारणाने तडकला. मग प्रत्येक चाकापाशी रबरात गुंडाळलेली साखळी टाकली, शॉकॲब्सॉर्बर संपण्याआधी ती ताणली जाते. कारखान्याला गाडी कशासाठी आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, तरीही साखळ्या त्यांनी दिल्या नाहीत आणि यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला घट्ट धरणारे बोल्ट) किती आवळायचे याचा साधा कागदही दिला नाही. नवे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेच लागतात. ते राहिले तर पाने एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल तिरका होतो.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष बॉल जॉइंटच्या (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या फिरत्या सांध्यांच्या) रबरी टोप्यांकडे द्यावे लागते. तुरीची धसकटे त्या टोप्या फाडतात, आत चिखल जातो आणि थोड्याच दिवसांत स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा येतो. ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना खालून पत्र्याचे कवच केल्यापासून टोपी फाटलेली नाही.

समाधान नाही ते वळण्याबाबत. इंजिनची ताकद मिळणाऱ्या पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटमुळे चाके ३० अंशांच्या फारशी पुढे वळत नाहीत आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर) ४.२ मीटर आहे, त्यामुळे पाणंदीच्या काटकोनी वळणावर एकदा तरी मागे घ्यावेच लागते. पुढच्या गाडीत व्हीलबेस ३.८ मीटरवर आणायचा विचार आहे. त्यासाठी कंप्रेसर आडवा बसवावा लागेल, म्हणजे पुढच्या ॲक्सलवरचे वजन वाढेल, आणि पाटे व ड्रॅग लिंक यांचा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागेल.