ग्रँड कॅन्यनजवळ फुकटचा मुक्काम: जागा ५ स्टार, सोय शून्य

मुलं अमेरिकेत आणि आईबाप इंदुरात अशी मराठी घरं आता आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत, आणि तिकडे गेलं की ग्रँड कॅन्यन होतोच, म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. लेक-जावई फिनिक्सला असतात. कॅन्यनजवळच्या हॉटेलांचे सीझनचे भाव बघून आमच्या ह्यांनी डॉलरचे रुपये करायला घेतले आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत, तेव्हा जावयांनी डिस्पर्स्ड कॅम्पिंगचं काढलं. म्हंजे नॅशनल फॉरेस्टच्या सरकारी जंगलात, परवानगी असलेल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला आपला टेंट लावायचा आणि राहायचं. भाडं नाही, बुकिंग नाही, पावती फाडायला कोणी येत नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून हे लगेच तयार.

आमची जागा साउथ रिमला, म्हंजे कॅन्यनच्या दक्षिण कडेला, लागून असलेल्या कायबॅब नॅशनल फॉरेस्टमधली, टुसायन गावाच्या जवळची. पार्कचं गेट गाडीने अगदी थोडक्यात, पण पार्कची एंट्री फी वेगळी भरावी लागते, ती यात माफ होत नाही, हे आधीच सांगते नाहीतर भांडाल. राहायची मुदत जास्तीत जास्त १४ दिवस, मग हलायचं. युटा-नेवाडाकडे बीएलएम नावाच्या खात्याच्या अफाट मोकळ्या जमिनी आहेत, तिथेही साधारण १४ दिवसांचाच हिशोब असतो.

आता सोयी. नळ नाही, लाइट नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. पाणी वाटेतल्या फ्लॅगस्टाफ शहरातूनच कॅनमध्ये भरून नेलं, पिणं, स्वयंपाक, भांडी धरून माणशी रोजचा एक गॅलन म्हंजे पावणेचार लिटर तरी धराच, आणि आपल्यासारखं खळखळून चूळ भरणारं कोणी असेल तर त्याहून जास्त. संडासाचं सगळे हळूच विचारतात म्हणून सरळ लिहिते: छोटं खुरपं न्यायचं, टेंटपासून आणि पाण्यापासून २०० फूट लांब जायचं, ६ ते ८ इंच खड्डा करायचा, नंतर माती लोटायची, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. मला वाटलं होतं हे ऐकूनच आमचे हे हॉटेलात पळतील, पण खुरपं घेऊन सगळ्यात आधी तेच निघाले, वर म्हणतात लहानपणी महूला आजोळी असंच होतं. गुडघे दुखत असतील तर मात्र फोल्डिंग कमोड मिळतो तो घ्या, लाजू नका.

कचऱ्यात आम्ही इंदूरकर कोणाला हार जाणार? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेतोय, ओला-सुका वेगळा केल्याशिवाय हात चालत नाही. दोन पिशव्या गाडीत बांधल्या, जाताना सगळं सोबत. पण आमच्या आधी जे कोणी येऊन गेले होते त्यांनी जळक्या लाकडांत बाटल्यांच्या काचा टाकलेल्या, झाडामागे टिश्यू उडत होते. अमेरिका अमेरिका म्हणतात, तर घाण करणारे सगळीकडे सारखेच. एक स्टार यासाठी कमी, आणि तो जंगलाचा नाही, माणसांचा.

स्वयंपाकाचं नीट वाचा. जागा साडेसहा हजार फुटांवर आहे, आपलं इंदूर जेमतेम अठराशे फूट, त्यामुळे तिथे पाणी कमी गरमीलाच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो, गॅस नुसता जळत राहतो. छोटा कुकर न्या. आम्ही मे महिन्यात गेलो, तेव्हा आग लावायला बंदी होती (पाऊस जुलैत येतो, तोवर जंगल कोरडं ठाक असतं), पण बटणाने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह चालत होता. बंदी कितपत आहे ते निघायच्या आधी फॉरेस्टच्या साइटवर बघा, ती बदलत असते. सकाळी पोहे केले, वरून इथून नेलेली शेव आणि जिरावण मसाला, जावई तर कढईतूनच खायला लागले. खाणं रात्री गाडीतच ठेवायचं, बाहेर ठेवलं की खारी आणि कोल्हे आलेच. रात्री टेंटशेजारून कसला तरी जड पायांचा आवाज गेला, माझा तर जीव मुठीत, सकाळी बघितलं तर एल्कच्या लेंड्या, म्हंजे सांबरापेक्षाही मोठं ते हरीण.

थंडी! मे असून पहाटे स्वेटरवर स्वेटर. भाड्याच्या स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलंय त्यात सगळ्यांना उबदार झोप लागेलच असं नाही, त्यामुळे घरची एक दुलई न्याच. दिवसा आणखी एक कटकट, टुसायनहून टूरची हेलिकॉप्टरं उडतात त्यांची घरघर. संध्याकाळी ती थांबतात. आणि पाँडेरोसा नावाचे उंच पाइन आहेत, उन्हात तापलेल्या सालीला नाक लावलं की चक्क व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येतो, लेकीने सांगितलं तेव्हा मला चेष्टाच वाटली होती.

आपल्याकडे हे का नाही असं हे तीन वेळा म्हणाले. इंदूरजवळ चोरल, जानापावकडे जागा काय कमी सुंदर आहेत का, पण राखीव जंगलात असं उतरून चूल पेटवली तर १९२७ च्या वन कायद्यात तो गुन्हा आहे, आणि खाजगी कॅम्पात पैसे देऊन गेलो तर रात्रभर डीजे.

जाणाऱ्यांनी फॉरेस्टचा मोटर व्हेइकल मॅप (कुठल्या रस्त्यांवर गाडी चालते ते दाखवणारा) आणि ऑफलाइन नकाशा फोनमध्ये घेऊनच निघा, आत नेटवर्कचा भरवसा नाही. आधीपासून वापरलेल्या जागेवरच टेंट लावा, गाडी झाडीत घुसवू नका, आणि जनावरांच्या पाणवठ्यापासून पाव मैल लांब राहा, तो तिथला कायदाच आहे. पार्कमधल्या मॅथर कॅम्पग्राउंडला नाण्यांवर चालणारे शॉवर आहेत, आंघोळ तिथे. लहान पोर किंवा बीपीची औषधं घेणारे आजी-आजोबा सोबत असतील तर सरळ मॅथरलाच पैसे भरून राहा, बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि पटकन भरतं, तिकिटं काढली की पहिलं ते काम करा.