‘कर्ज अर्धं करतो, घरी कळू देत नाही’: माझे १,९२,५४९ रुपये कसे गेले

एक लाख ब्याण्णव हजार पाचशे एकोणपन्नास. झोपेतून उठवलं तरी हा आकडा मी बिनचूक सांगेन. पुण्यात बाणेरच्या एका ‘लोन सेटलमेंट’वाल्या कंपनीने एवढे पैसे माझ्याकडून घेतले आणि माझं कर्ज एका रुपयाने कमी झालं नाही. ५,१५,४०० होतं, ते आज ६,४३,२०० आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. तसंही ही मंडळी पाटी बदलून दुसऱ्या मजल्यावर बसतात. पद्धत तीच राहते, ती ओळखा.

‘असल्या जाहिरातींना लोक भुलतात तरी कसे’ असं म्हणणाऱ्यांपैकीच मी. कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दुसऱ्यांच्या खात्यातला दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. तेव्हा कृपा करून ‘शिकलेली माणसंही अशी कशी’ हे मला ऐकवू नका. नणंदेने ऐकवून झालंय.

कर्ज चैनीचं नव्हतं. धाकट्या भावाचं चाकणला छोटं वर्कशॉप होतं, ते बसलं. देणेकरी त्याच्या दारात येऊन बसायला लागले तेव्हा मी माझ्या नावावर पर्सनल लोन काढलं आणि दोन क्रेडिट कार्डं वापरली. माहेरी पैसे दिले हे सासरी सांगणं काय असतं, हे ज्या बायकांना माहीत आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी ‘नवऱ्यापासून लपवलंसच का’ हे विचारू नये. पगार माझा, सही माझी, कर्ज माझं. आणि मी ते फेडत होते, हे आधी ऐका.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘फराळ यादी’ नावाची एक्सेल फाइल होती, त्यात सगळा हिशोब. हातात पगार ४५,५००. घरखर्चातला माझा वाटा १५,०००, मुलीचा क्लास ४,२००, पेट्रोल २,०००, भिशी २,०००, लोनचा हप्ता १०,८५०. उरलेले ११,४५० दोन्ही कार्डांवर. कार्डांची बाकी १,३८,००० आणि ८६,४००. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे ८,०७८ रुपये, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी १,४५४. थोडक्यात, ११,४५० भरले की मुद्दल उतरायचं १,९१८. गोगलगाय बरी. पण उतरत होतं! साडी नाही, हॉटेल नाही, वाढदिवसाला ‘मला केक आवडत नाही’ म्हणून सांगायचं. कुणाला पत्ता नव्हता.

त्यात इन्स्टाग्रामवर ती जाहिरात आली. मराठीत. ‘कर्ज ५०% पर्यंत कमी. वसुलीचे फोन बंद. घरी कळणार नाही.’ पहिली दोन वाक्यं मी सोडून दिली असती. तिसऱ्याने घात केला.

फोनवर एक मुलगी, आवाज गोड, दर वाक्याला ‘ताई’. योजना अशी: सगळे हप्ते थांबवायचे. दर महिन्याला १८,५०० त्यांच्या ‘सेटलमेंट खात्यात’ टाकायचे. हप्ते थकले की बँक नरमते, मग हे लोक निम्म्यात सौदा करून त्या साठलेल्या पैशांतून बँकेला देणार. नोंदणी फी १४,९९९ अधिक जीएसटी, म्हणजे १७,६९९. मी लगेच वजाबाकी केली: लोन आणि कार्डं मिळून जात होते २२,३००, आता जाणार १८,५००. महिन्याला ३,८०० सुटत होते. अकाउंट्सवाल्या बाईला तिच्याच भाषेत गाठलं त्यांनी.

शिवाय ‘प्रायव्हसी पॅकेज’, ७,५०० अधिक जीएसटी, ८,८५०. त्यात काय, तर बँकेत माझा मोबाइल नंबर बदलून त्यांचा द्यायचा, पत्रव्यवहाराचा पत्ता त्यांच्या ऑफिसचा. ‘ताई, बँकेचं एकही पत्र तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत येणार नाही.’ ते खरंच आलं नाही. थकबाकीच्या सूचना, बाउन्सचे मेसेज, लोकअदालतीची नोटीस, सगळं त्यांच्याकडे जात राहिलं आणि मी धायरीत घरी निवांत. ज्या गुप्ततेसाठी मी ८,८५० मोजले, तिनेच मला आंधळं केलं. बँकेतला नंबर किंवा पत्ता बदला असं सांगणारा माणूस, तो कितीही वकिली बोलो, चोर समजा.

हप्ता मुद्दाम बाउन्स करा, हा सल्ला तर गुन्ह्याकडे नेणारा आहे. ऑटो-डेबिट बाउन्स होणं चेक बाउन्ससारखंच धरतात. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७, कलम २५, दोन वर्षांपर्यंत कैद. हे मला नंतर कळलं. दर बाउन्सला बँक ५९० रुपये कापते ते वेगळेच.

आता तो दिवस. डोक्यातून जात नाही तो.

२० तारीख, जीएसटी रिटर्न भरायची. साहेब डोक्यावर उभे. तोवर १८,५०० च्या हप्त्यांचे १,११,००० त्यांच्याकडे गेलेले. साडेचारच्या सुमारास त्या मुलीचा फोन: ‘ताई, अभिनंदन! मोठ्या कार्डाची बँक ५५,००० वर तयार झाली. लेटर पाठवलंय, पण ऑफर आज पाचपर्यंतच.’ मी जिन्यात जाऊन पीडीएफ उघडलं. बँकेचा लोगो, कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर, रक्कम अक्षरात. मी विचारलं, माझे १,११,००० आहेत ना, त्यातून द्या. तर म्हणाली, ते तिन्ही खात्यांमध्ये वाटून लॉक आहेत, आत्ता तोडले तर लोनचा सौदा फिसकटेल. भिशी नुकतीच लागली होती, ४०,०००. वर महिन्याला सुटलेल्या पैशांतले १५,००० घातले. क्यूआर कोड स्कॅन केला.

आणि स्क्रीनवर नाव आलं. बँकेचं नाही. कंपनीचंही नाही. एका ‘एंटरप्रायझेस’चं नाव, ते मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

मी वाचलं. वाचलं हो! ‘हे कुणाचं नाव?’ असं विचारलंसुद्धा. ती हसून म्हणाली, ‘ताई, ते आपलं नोडल खातं, बँक एकत्रच घेते सगळं.’ नोडल. तो शब्द ऐकून मी, जी वेंडरचं नाव बिलाशी जुळलं नाही तर पेमेंट अडवते, मी पिन टाकला. रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या पैशांसाठी जे करते ते स्वतःच्या पैशांसाठी केलं नाही. जिन्यातून शिपाई चहा घेऊन वर येत होता, त्याच्या कानावर ‘कर्ज’ शब्द पडू नये म्हणून मी आवाज खाली केला आणि वाद घातला नाही. कर्ज लपवणाऱ्या माणसाला मोठ्याने प्रश्न विचारता येत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ऐन कामाच्या वेळेत फोन येतो.

खरं सेटलमेंट लेटर बँकेच्या स्वतःच्या ईमेलवरून येतं आणि त्याचे पैसे तुमच्याच कार्डाच्या किंवा लोनच्या खात्यात भरायचे असतात. तिसऱ्याच्या खात्यात कधीच नाही. शंका असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून पाच मिनिटांत खात्री होते. पाचची मुदत? चुलीत घाला.

त्यानंतर ती मुलगी ‘मीटिंगमध्ये’ आहे. अजूनही मीटिंगच चालू आहे.

घरी कसं कळलं, ते थोडक्यात. बँकेला माझा नंबर लागेना, म्हणून वसुलीवाल्यांनी लोनच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून दिलेल्या नणंदेला गाठलं. पुढच्या रविवारी दोघं जण दारात. दार उघडलं सासूबाईंनी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी बजावलंय. ते परिपत्रक मी त्या दोघांना दाखवलं. ‘मॅडम, आम्ही साडेनऊला आलोय’ म्हणाले. बरोबरच होतं.

नवऱ्याशी काय बोलणं झालं ते इथे लिहायचं कारण नाही.

आता सरकारी सेवा. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात गोठवता येतात. माझ्या पैशांना तोवर पाय फुटले होते, त्यामुळे मिळाला तो फक्त पोचपावतीचा क्रमांक. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ‘करारावर सही तुमचीच ना? मग ही सिव्हिल मॅटर आहे.’ म्हटलं, खोटं लेटर दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे ना? ‘कलमं आम्हाला शिकवू नका.’ मग भर हॉलमध्ये, बाकावर दहा माणसं बसलेली असताना, खड्या आवाजात: ‘एकूण कर्ज किती तुमच्यावर? मिस्टरांना माहितीये? त्यांना घेऊन या.’ मोबाइल चोरीला गेलेल्या पुरुषाला ‘मिसेसना घेऊन या’ म्हणतात का हो? तिथून सायबर पोलिसांकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, कंपनीचं ऑफिस आहे, तुम्ही समक्ष जाऊन आलात, मग हे सायबर कसलं, स्थानिक ठाण्यात जा. पैसे ज्या बँकेत गेले तिथे खातेदाराची माहिती मागितली, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं, तर आधी बँकेकडून माहिती आणा. मी हे दोन्ही निरोप एका कागदावर लिहून दोघांनाही वाचून दाखवले. कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. बंद झाली, कारण संबंधित कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाही. म्हणजे नियंत्रणाखाली नसलेला माणूस भर शहरात काचेच्या इमारतीत बसून कर्जदारांचे पैसे गोळा करू शकतो, आणि नियंत्रणाखाली नाही म्हणूनच त्याची तक्रार घेता येत नाही. वा! लोकपाल योजना ही बँका, फायनान्स कंपन्या अशा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थांपुरती आहे. तुमची तक्रार बँकेविरुद्ध असेल तर आधी बँकेला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर मग तिकडे जा, उपयोग होतो. सेटलमेंटवाल्यांच्या बाबतीत वेळ घालवू नका.

त्यातल्या त्यात दोन गोष्टी हाती लागल्या. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी अर्ज पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. शिक्का मारल्यावर माझा अर्ज चार दिवसांत सापडला, आधी तो ‘साहेबांच्या टेबलावर’ होता. दुसरं, ग्राहक आयोग. करारात बारीक अक्षरात परराज्यातल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र घातलेलं होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पुण्यात दाखल केलंय. तारीख पडलीय. पुढची तारीखही पडेल.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, काढा, आजच. ही नोंद ठेवणारी प्रत्येक संस्था (क्रेडिट ब्युरो) ती वर्षातून एकदा फुकट देते. माझा स्कोअर ७४१ होता, ५६२ झालाय. आणि समजा त्या चोरांनी सौदा खरोखर करून दिला असता, तरी रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं पडलं असतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढे घराचं लोन मागायला गेलात की तो एक शब्द आडवा येतो. जाहिरातीत हे नसतं.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? शेवटी मी बँकेत स्वतः गेले. फी शून्य. त्या अधिकारी बाईंनी केबिनचं दार लावून घेतलं, माझं ऐकलं आणि दोन्ही कार्डांची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बसवायचा प्रस्ताव वर पाठवला. कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मिळते, हे मला आधीही माहीत होतं. पण शाखेत कुणी ओळखीचं भेटेल या भीतीने गेले नव्हते. हप्ते चालू असताना आले असते तर अजून स्वस्तात झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर न फोडण्याचं बंधन त्यांच्यावर असतंच, त्याला कुठलं पॅकेज लागत नाही. ऑफिसात कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल, घरात सोनं पडून असेल, तर तेही कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ४० टक्क्यांच्या वर व्याज भरत बसण्यापेक्षा पाटल्या गहाण पडलेल्या बऱ्या.

परवा एक नवा फोन आला. पुरुषाचा आवाज, एकदम अदबशीर. ‘ताई, तुमचे १,९२,५४९ अडकलेत ना, आम्ही रिकव्हर करून देतो, फक्त प्रोसेसिंगचे ४,९९९ भरा.’ रुपयापर्यंत आकडा बरोबर! यादी कुठून गेली ते कळायला हिशोबनीस असायची गरज नाही. मी त्याला विचारलं, पैसे कुणाच्या नावावर पाठवू, पूर्ण नाव सांग. त्याने फोन ठेवला. नंबर १९३० ला कळवलाय. त्यांनी पोचपावती दिली.